दोघातिघांनी मिळून छोटे घर भाड्याने घेताना

पुण्या-मुंबईत नोकरीच्या पहिल्या वर्षात एकट्याने घर घेणे बहुतेकांना झेपत नाही. त्यामुळे दोघातिघांनी मिळून वन आरके किंवा वन बीएचके घेतला जातो. गिरणगावातही एकाच गावचे चाकरमानी एका खोलीत राहत, प्रत्येकाची ट्रंक ठेवण्याची जागा ठरलेली असे आणि जेवण खानावळीत होई. त्या खोल्या चालल्या, कारण राहणारे गावाच्या नात्याने बांधलेले होते. आज ओळख नसलेली माणसे एकत्र येतात, म्हणून तो भरवसा कागदावर आणावा लागतो.

घर पाहायला जाताना मोजपट्टी सोबत घ्यावी. एक कॉट साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असते. दहा बाय बाराच्या खोलीत बारा फुटांच्या भिंतीला लागून तीन कॉट ओळीने टाकल्या, तर मधल्या दोन फटी जेमतेम दीड-दीड फुटांच्या उरतात आणि पायथ्याशी चार फूट राहतात. त्यातच दरवाजा उघडायचा आणि कपाट मावायचे असते. हे गणित बसत नसेल, तर एजंटने कितीही आग्रह केला तरी तिथे दोघांनीच राहावे. पाणी किती वाजता येते आणि मोरी-संडास मिळून एकच आहे का, हेही विचारावे, कारण सकाळी तिघांची निघण्याची वेळ सहसा एकच असते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवर धरलेले वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. १८,००० रुपये भाडे, ६०,००० रुपये परत मिळणारे डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर ते ५०० ते ६०० रुपयांच्या घरात जाते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये असते. तिघांत वाटल्यावर ही रक्कम इतकी लहान होते की, ती वाचवण्यासाठी नोंदणी टाळणे कुणालाच परवडणारे नाही.

करारावर राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव घालावे. आमच्या पहिल्या घराच्या करारावर एकाच मित्राचे नाव होते. त्याची बदली झाली, मालकांनी डिपॉझिट त्याच्या खात्यात परत केले आणि उरलेल्या आम्हा दोघांना पंधरा दिवसांत सामान हलवावे लागले. मित्र प्रामाणिक होता म्हणून आमचा वाटा मिळाला, तोही पाच महिन्यांनी. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की, डिपॉझिटमध्ये कुणाचे किती पैसे आहेत आणि मध्येच जाणाऱ्याने बदली माणूस आणायचा की महिनाभर आधी सांगायचे, हे आपसांत वेगळ्या कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. कॉट बेसिसवर मालक प्रत्येकाकडून स्वतंत्र भाडे घेतो, तिथेही डिपॉझिटची पावती आपल्या नावावर मागावी.

सोसायटी भाडेकरूंबद्दल जादा आकारणी मागत असेल, तर ती मालकाने भरायची असते आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. हा बोजा आपल्यावर येऊ नये म्हणून करारात तसा उल्लेख करून घ्यावा.

रोजच्या खर्चात किराणा आणि गॅस यांची कॉन्ट्री समान ठेवावी. मात्र वन बीएचकेमध्ये ज्याला स्वतंत्र खोली मिळते, त्याने भाड्याचा मोठा वाटा उचलणे न्याय्य आहे. घरून काम करणाऱ्याचा पंखा दिवसभर चालतो, त्यामुळे वीजबिलाची वाटणीही पहिल्याच महिन्यात बोलून घ्यावी.

किल्ली हाती येईल त्या दिवशी वीजमीटरच्या आकड्याचा, भिंतींवरच्या ओलीचा आणि नळांचा फोटो काढून मालकांना पाठवावा आणि घर सोडताना त्याच जागांचे फोटो पुन्हा काढावेत.