प्रोटॉनवाहक सिरॅमिकची टिकली: पूड तोलण्यापासून वाहकता मोजण्यापर्यंत

४०० ते ६०० अंश सेल्सिअसला प्रोटॉन वाहून नेणारं टिकाऊ घन हवं असेल, तर यिट्रियम घातलेल्या बेरियम झिर्कोनेटपासून सुरुवात करावी. बेरियम सिरेटची एकूण वाहकता सहसा जास्त भरते, पण कार्बन डायऑक्साइड लागला की त्याचं कार्बोनेट होऊ लागतं. झिर्कोनेट ते सोसतं. भट्टीत मात्र त्रास देतं.

चतुःसंयुजी झिर्कोनियमच्या जागी त्रिसंयुजी यिट्रियम बसलं की दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. वाफेतलं पाणी तिथे शिरतं आणि त्यातून मिळालेले दोन प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून शेजारच्या ऑक्सिजनवर उड्या मारतात. झिर्कोनियमच्या २० टक्के जागी यिट्रियम हे प्रमाण धरा.

१० ग्रॅम मालाला बेरियम कार्बोनेट ७.१८९, झिर्कोनिया ३.५९१ आणि यिट्रिया ०.८२३ ग्रॅम लागतो. वर निकेल ऑक्साइड ०.१ ग्रॅम. यिट्रिया ओलावा धरतो, म्हणून ९०० अंशांना तापवून मगच तोला. बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विषारी, निकेल ऑक्साइडची धूळ कर्करोगकारक. पूड फ्यूम हूडमध्येच हाताळा.

झिर्कोनियाच्या गोळ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून बॉल मिलमध्ये २४ तास दळा, वाळवा, चाळा, डायमध्ये दाबा. वेगळं कॅल्सिनेशन (दाबण्याआधी पूड भाजून घेणं) नको. ८०० ते ११०० अंशांदरम्यान मिनिटाला १-२ अंशच चढवा; घाई केली तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड टिकली तडकवतो. मग १५०० अंशांवर काही तास. निकेल नसेल तर १६०० च्या वर जावं लागतं, आणि तिथे बेरियम उडून जातं.

खरी गोम इथेच आहे. बेरियम कमी पडलं की यिट्रियम जागा सोडतं, आणि सिरॅमिकमधले स्फटिकांचे दाणे आतून उत्तम असले तरी दाण्यांच्या सीमा प्रोटॉन अडवतात. म्हणून टिकली त्याच मिश्रणाच्या, पण १० टक्के जादा बेरियम कार्बोनेट असलेल्या पुडीत गाडून भाजा. उघडी ठेवली तर ॲल्युमिनाचं क्रुसिबलही बेरियम ओढतं. निकेल वाढवून घनता वाढवायचा मोह टाळा. ते स्फटिकाच्या जाळीत शिरून पाणी धरण्याची क्षमता घटवतं. घनता सैद्धांतिक घनतेच्या ९५ टक्क्यांखाली असेल तर पुढे मोजमाप करण्यात अर्थ नाही.

वरचा थर घासून काढा, दोन्ही बाजूंना प्लॅटिनम पेस्ट लावा. ६०० अंशांना ओला (पाण्याची वाफ मिसळलेला) आर्गॉन सोडून हळूहळू थंड करत इम्पीडन्स, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारितेच्या एसी प्रवाहाला होणारा विरोध, मोजा. त्याच्या आलेखात सुमारे १०⁻¹¹ फॅरड धारकतेचा चाप दाण्यांचा, १०⁻⁹ ते १०⁻⁸ चा सीमांचा. वाहकता म्हणजे जाडी भागिले (रोध गुणिले क्षेत्रफळ). उच्च तापमानाला हवेत मोजलं तर धन-छिद्रांचा (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांचा) प्रवाह मिसळतो आणि आकडा फुगतो. शंका असेल तर साध्या पाण्याऐवजी जड पाण्याची वाफ सोडा: प्रोटॉनच वाहत असतील तर वाहकता साधारण १.४ पटीने घटते.