पंजांच्या भेगांवर घरचं मलम

हवा कोरडी झाली की आमच्या कुत्रीचे तळवे खरखरीत होतात, भेगा पडतात. नुसतं खोबरेल लावलं की ती लगेच चाटून मोकळी! त्यात मधमाशांचं मेण घातल्यावर जमलं. वजनाने १ भाग मेण, ४ भाग खोबरेल, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून डबीत ओतायचं. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, थेट आचेची गरजच नाही. वासासाठी टी ट्री तेल अजिबात नको, ते कुत्र्यांना विषारी. झिंक ऑक्साइडची मलमंही नकोत. पोटात गेली तर बाधतात. पातळसर चोळून लगेच जेवण द्यायचं. तिचं लक्ष वाडग्यात, तोवर मलम मुरतं. रक्त, सूज किंवा लंगडणं दिसलं तर मात्र सरळ पशुवैद्याकडे.