मिथेन आणि प्राचीन हवामान : नमुन्यापासून निष्कर्षापर्यंत या चुका टाळा

समुद्रतळाच्या गाळाचा गाभा, म्हणजे तळात नळी रुतवून काढलेला उभा नमुना, जहाजाच्या डेकवर आला की क्षणभर कान देऊन ऐका. पारदर्शक नळीच्या आतून बारीक चरचर येते, गाळाला आडव्या भेगा पडतात आणि त्या डोळ्यांदेखत रुंद होत जातात. तुम्ही जो मिथेन मोजायला आलात, तोच निघून चाललेला असतो.

२००० मीटर पाण्याखाली दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट असतो. तिथे गाळाच्या कणांमधल्या पाण्यात, म्हणजे छिद्रजलात, मिथेन भरपूर विरघळून राहतो. तोच गाळ डेकवर एका वातावरणाच्या दाबाखाली आला की त्या पाण्यात लिटरमागे साधारण दीड मिलिमोलच मिथेन मावतो. बाकीचा बुडबुडे होऊन उडून जातो. आलेखात हे लगेच ओळखू येतं. मिथेन खोलीबरोबर झपाट्याने चढतो, एक-दोन मिलिमोलपाशी अडखळतो आणि त्याखाली बिंदू वेडेवाकडे विखुरतात. ‘खाली मिथेन तयार होणं मंदावलं’ असा अर्थ इथे लावू नका. मी स्वतः पहिल्या आलेखावर तसाच लावला होता, आणि त्या अर्थावर दोन आठवडे घालवले. ते विखुरलेले आकडे म्हणजे ‘निदान इतका तरी होता’ एवढंच सांगणारी खालची मर्यादा. खरी संहती हवी असेल तर दाब टिकवून वर येणारा प्रेशर कोअररच लागतो.

मग साध्या गाभ्यातून काय मिळतं? बरंच काही. मिथेन कुठल्या खोलीवर चढू लागतो ते मिळतं, आणि त्याचे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, मिळतात. वायू असा निसटला तरी समस्थानिकांचं प्रमाण त्या मानाने थोडंच हलतं. मात्र घाई हवी. गाभा वर आला की आधी मिथेनचा नमुना, मग फोटो, वर्णन आणि बाकी सगळं. टोक कापलेल्या सिरिंजने ताज्या कापावरून दोन-तीन मिलिलिटर गाळ घ्या आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण भरलेल्या काचेच्या व्हायलमध्ये टाका. लगेच बूच लावा, क्रिंप करा (म्हणजे बुचावर ॲल्युमिनियमची टोपी आवळा), खूप हलवा आणि व्हायल उलटी ठेवा. हायड्रॉक्साइडमुळे सूक्ष्मजीव थांबतात. उलटी ठेवल्याने बुचापाशी द्रव राहतो, त्यामुळे वायूला बुचातून झिरपायला वाव मिळत नाही. या व्हायलवर विरघळलेल्या कार्बोनेटचे समस्थानिक मात्र मोजू नका, कारण हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. त्यासाठी वेगळा नमुना घ्यावा लागतो.

क्रिंप केल्यावर ॲल्युमिनियमची टोपी बोटांनी फिरवून बघा. फिरली तर ती व्हायल गळणार. दिवसाला शंभर व्हायल लावताना ही कसोटी हमखास राहून जाते, आणि गळती कळते ती महिन्यांनंतर, जेव्हा परत जाऊन नमुना घेणं शक्य नसतं. बुचाच्या प्रत्येक लॉटमधल्या दोन-तीन रिकाम्या व्हायल तशाच मोजा, कारण काही रबर स्वतःच हायड्रोकार्बन सोडतं. प्रमाणित वायू भरलेल्या दोन व्हायलही नमुन्यांच्याच पेटीत, नमुन्यांइतकेच दिवस ठेवा. त्यांचा आकडा उतरला तर नमुन्यांचाही उतरला आहे.

समुद्राच्या पाण्यातला मिथेन मोजत असाल तर हवेपासून जास्तच जपायला हवं. हवेशी समतोल असलेल्या १०० मिलिलिटर पाण्यात मिथेन जेमतेम पाव नॅनोमोल असतो. बाटलीत १ मिलिलिटर हवेचा बुडबुडा राहिला तर तोच सुमारे ०.०८ नॅनोमोल आणतो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश भर. म्हणून बाटली तळापासून भरा, दोन-तीन बाटल्यांएवढं पाणी काठावरून वाहू द्या आणि मगच बूच लावा.

आता सल्फेट. मिथेनच्या अभ्यासात सल्फेट न मोजणं ही मला सगळ्यात महागात पडणारी काटकसर वाटते. समुद्रपाण्यात लिटरमागे सुमारे २८ मिलिमोल सल्फेट असतं. वरून खाली झिरपणारं सल्फेट आणि खालून वर येणारा मिथेन जिथे भेटतात, तिथे सूक्ष्मजीव दोन्ही संपवतात. त्यातून बायकार्बोनेट आणि सल्फाइड तयार होतं. या सल्फेट-मिथेन पट्ट्याखाली सल्फेट शून्य असायला हवं. तिथे १.४ मिलिमोल निघालं तर दोन शक्यता असतात. एकतर नमुन्यात सुमारे ५ टक्के समुद्रपाणी मिसळलं आहे, नाहीतर साठवणीत सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट झालं आहे. छिद्रजल काढल्याबरोबर झिंक ॲसिटेट घालून सल्फाइड खाली बसवलं असेल तर दुसरी शक्यता बाद होते. घातलंच नसेल तर दोन्हींमधला फरक पुढे कधीच कळत नाही. सल्फेट नीट मोजलं तर ते खोलीबरोबर किती झपाट्याने घटतं त्यावरून वर येणाऱ्या मिथेनचा अंदाज बांधता येतो, आणि तोही निसटलेल्या वायूवर अवलंबून न राहता.

समस्थानिकांकडे वळलं की चुका अधिक खोल जातात. कार्बन-१३, म्हणजे जड कार्बन, ठरलेल्या मानकापेक्षा हजारात किती कमी-जास्त आहे ते पर मिलमध्ये सांगतात. ते प्रमाण उणे ५० पर मिलपेक्षा हलकं, म्हणजे उणे ६० किंवा ७०, असेल तर मिथेन सूक्ष्मजीवांनी केलेला. उणे ५० ते उणे २० असेल तर खोल उष्णतेने शिजलेला, असा ढोबळ नियम सगळेच पाठ करतात. अडचण अशी की मिथेन खाणारे सूक्ष्मजीव हलका कार्बन आधी उचलतात आणि उरलेला मिथेन जड होत जातो. उणे ७० ने सुरू झालेला वायू बराचसा खाल्ला गेला की उणे ४५ दाखवू शकतो, आणि मग तेलसाठ्याची गळती सापडल्याचा भास होतो. म्हणून एकट्या कार्बनवर निकाल देऊ नका. मिथेन आणि ईथेन-प्रोपेन यांचं गुणोत्तर बघा. ते हजाराच्या वर असेल तर सूक्ष्मजीव, शंभराच्या खाली असेल तर उष्णता. मिथेन खाल्ला गेला की हे गुणोत्तरही घसरतं, म्हणून जोडीला हायड्रोजनचे समस्थानिक बघा. ऑक्सिडीकरणात कार्बन आणि हायड्रोजन दोन्ही एकाच दिशेने जड होत जातात आणि आलेखावर तिरकी रेघ उमटते. ती रेघ दिसली की उगम शोधायचा तो रेघेच्या हलक्या टोकाशी. याच्या उलटही घडतं. सल्फेट-मिथेन पट्ट्याच्या तळाशी मिथेन कधी कधी अपेक्षेपेक्षा खूपच हलका निघतो, कारण तिथे खाल्लेलाच कार्बन फिरून मिथेनमध्ये येतो. तेव्हा पट्ट्यातल्या एका नमुन्यावरून उगम ठरवू नका. वरचे आणि खालचे नमुने शेजारी ठेवून वाचा.

प्राचीन हवामानाची गोष्ट सहसा फोरॅमिनिफेरा या समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशी जीवांच्या कवचांतून सांगितली जाते, आणि मिथेनचा सगळ्यात मोठा चकवा तिथेच आहे. मिथेन खाल्ल्यावर जो बायकार्बोनेट तयार होतो, तो कार्बोनेट होऊन गाळातल्या जुन्या कवचांवर चढतो. त्याचा कार्बन-१३ उणे ५० पर्यंत असू शकतो. हिशेब साधा आहे. कवच मूळचं शून्य पर मिलचं आणि त्यावर ५ टक्के थर उणे ५० चा असेल, तर यंत्र उणे २.५ दाखवतं. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन आणि इओसीन या भूशास्त्रीय कालखंडांच्या सीमेवर, जगभर जी प्रसिद्ध घसरण दिसते, तीही तीनेक पर मिलचीच आहे. म्हणजे एका पातळ पुटाने तुमच्या गाभ्यात एक ‘जागतिक मिथेन उद्रेक’ उभा राहू शकतो. तो जीव जिवंत असताना समुद्रात खरंच काही घडलं होतं की हजारो वर्षांनी गाळातच पुट चढलं, हे आधी ठरवायला हवं.

ते ठरवायला मी प्रत्येक संशयित पातळीवरची दहा-बारा कवचं वेगवेगळी मोजते. पुट चढलेलं असेल तर आकडे एकमेकांपासून खूप दूर पडतात. खरी घटना असेल तर एका जातीची कवचं बऱ्यापैकी एकत्र राहतात. दोन-तीन कवचं फोडून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली आतली बाजू बघते. निरोगी भिंत गुळगुळीत असते आणि छिद्रं मोकळी दिसतात. पुट असेल तर साखरेसारखे बारीक स्फटिक चिकटलेले दिसतात आणि छिद्रं बुजलेली असतात. मॅग्नेशियम वाढलेलं असेल तर संशय आणखी पक्का होतो. आणि ती पातळी आजच्या सल्फेट-मिथेन पट्ट्यात येते का, हे तर सगळ्यांत आधी तपासावं.

बर्फाच्या गाभ्यात वेगळीच गफलत होते. वरचं हिम दबून दबून साधारण ५० ते १२० मीटर खोलीवर त्यातली हवा बंद होते. तोवर ती वरच्या हवेशी मिसळत राहते. त्यामुळे बुडबुड्यातली हवा शेजारच्या बर्फापेक्षा तरुण असते. अंटार्क्टिकात जिथे हिम भरपूर पडतं त्या लॉ डोमसारख्या ठिकाणी हा फरक काही दशकांचा असतो. तिथल्याच व्होस्तोक किंवा डोम सीसारख्या कोरड्या पठारावर तो काही हजार वर्षांचा असतो. मिथेनचे आकडे चुकून बर्फाच्या वयावर मांडले तर मिथेन हजारो वर्षं आधी वाढल्यासारखा दिसतो, आणि त्यानेच तापमान वाढवलं अशी गोष्ट तयार होते. यातून सुटण्याचा सुंदर मार्ग म्हणजे त्याच बुडबुड्यातला नायट्रोजन-१५, म्हणजे जड नायट्रोजन. ग्रीनलंडमध्ये अचानक ऊब आली की हिमातल्या तापमानाच्या फरकामुळे तो हलतो. मिथेन आणि ऊब दोन्ही एकाच हवेत वाचता येतात, म्हणून वयाच्या फरकाचा प्रश्नच उरत नाही. तसं वाचल्यावर सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीच्या उबेनंतर काही दशकांच्या आत मिथेन चढला असं दिसलं.

ग्रीनलंडच्या धुळकट हिमयुगीन थरांत बर्फ वितळवून हवा काढली तर त्या प्रक्रियेतच जादा मिथेन तयार होतो. म्हणून तिथल्या उंचवट्यांशेजारी धुळीचा आलेख ठेवा. जुन्या-नव्या मोजमापांची पट्टीही, म्हणजे प्रमाणित वायूंवर बांधलेली मोजपट्टी, एकच आहे ना, ते बघा. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामानसंस्थेची २००४ ची पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा सुमारे १.२ टक्क्यांनी वर आहे. ७०० पीपीबीवर (पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग) ते आठ-नऊ पीपीबी होतात. उत्तर-दक्षिण ध्रुवांमधला औद्योगिक काळापूर्वीचा फरकच तीस-पन्नास पीपीबीच्या घरात असल्यामुळे एवढी चूक परवडत नाही.

राहिला समुद्रतळावरच्या मिथेन हायड्रेटचा, म्हणजे बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेल्या मिथेनचा प्रश्न. गाभ्यात गळतीच्या खुणा सापडल्या की त्या मिथेनने हवामान बदललं असं लिहिण्याचा मोह होतो. मधे पाण्याचा थर आहे हे विसरू नका. खोल पाण्यात बुडबुडे विरघळतात आणि बराचसा मिथेन तिथेच खाल्ला जातो. हायड्रेटमधला कार्बन फार जुना, म्हणून त्यात काळाबरोबर क्षय पावणारं कार्बन-१४ जवळजवळ नसतं. सुमारे ११,६०० वर्षांपूर्वीच्या ऊबदार वळणावर मिथेन वाढला, त्या काळच्या बर्फातल्या मिथेनमध्ये मात्र कार्बन-१४ चांगलं टिकून होतं. तेव्हा ती वाढ मुख्यतः दलदलींसारख्या ताज्या स्रोतांची होती. तुमच्या गाभ्यातली गळती खरी असू शकते. ती कुठवर पोचली हे लिहायचं असेल तर तळ, पाणी आणि हवा या तिन्ही टप्प्यांचा पुरावा वेगवेगळा द्यावा लागतो, आणि जो टप्पा मोजलेला नाही तो लेखात तसाच नोंदवावा लागतो.