भोकाच्या पैशावरचा हिरवा थर

पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला १९४४ चा भोकाचा पैसा मी देवघरातल्या तांब्यासारखा चिंच-मिठाने घासला, आणि कांशाच्या त्या नाण्याची तपकिरी झाक कायमची जाऊन त्याला गुलाबट, उघडावाघडा रंग आला. संग्रहाच्या दृष्टीने तो पैसा वाया गेलाच. दुसऱ्या पैशावर मात्र बोटाला चिकटणारा हिरवट थर होता. तो गंज नसून पीव्हीसी या मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून उतरलेला चिकटा होता. खिडकी उघडी ठेवून, काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे) तो पैसा दहा मिनिटे बुडवला, डिस्टिल्ड पाण्याने धुतला आणि न घासता टिपून घेतला. थर निघाला, खाली धातूला पडलेले दोन बारीक खड्डे तेवढे राहिले. आता तो मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टर प्लास्टिकच्या) पाकिटात आहे.