विहीर, बोर, नदी: कोणतं पाणी कसं तपासायचं

आमच्या खान्देशात डाळ शिजली नाही की बोरचं पाणी जड आहे म्हणतात आणि विहिरीचं गोड लागलं की ते चांगलं, पण नायट्रेटला ना चव ना रंग, त्यामुळे जिभेवर भरवसा ठेवू नका, प्रत्येक पाणी वेगळं तपासा.

आधी सॅम्पल नीट घ्या, सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली, जे पाणी भरायचं त्यानेच तीनदा विसळायची, बोर असेल तर मोटर पाच मिनिटं चालू द्यायची आणि मग भरायची, विहिरीत वरचा तवंग नको, बादली बुडवून जरा खालचं घ्या, आणि तापी किंवा गिरणेचं घेताना काठाला साचलेलं सोडून वाहतं घ्या. उनपदेवच्या गरम झऱ्याचं पाणी असेल तर गार होऊ द्या, मगच पाणी तपासायचा मीटर बुडवा. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लगेच लिहा.

पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ६.५ ते ८.५ मध्ये हवा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, पण मीटर फक्त क्षार एकूण किती ते सांगतो, कोणते ते नाही, म्हणजे ३०० दाखवणाऱ्या पाण्यातही नायट्रेट जास्त असू शकतं. जडपणासाठी पाणी तपासायच्या किटमधले थेंब एकेक टाकत हलवत राहा, लालसर रंग पूर्ण निळा झाला की थांबा, थेंब मोजा आणि किटवर दिल्याप्रमाणे त्यावरून जडपणा काढा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, ६०० च्या वर नकोच.

नायट्रेटची टेस्ट मात्र चुकवूच नका. केळीला, कपाशीला टाकलेला युरिया झिरपून विहिरीत उतरतो, उकिरडा नाहीतर संडासचा खड्डा जवळ असेल तर अजून वाईट. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. रंग तक्त्याशी जुळवताना दिवसाउजेडी बघा. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं, म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात अजिबात बनवू नका, त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते.

फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, १.५ च्या वर गेलं तर ते पाणी प्यायचं बंद.

किट ग्रामपंचायतीत विचारा, जलजीवन मिशनमधून गावोगावच्या बायकांना हे टेस्टिंग शिकवलंय, त्यांच्यासमोरच करून घ्या. काही जास्त निघालं तर नवीन सॅम्पल गार ठेवून २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या लॅबला पोचवा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच विहिरीचं पाणी दोन्ही वेळा.