भुताची गोष्ट पडद्यासाठी लिहिताना या चुका टाळा

नवोदितांच्या भयपटांच्या संहिता वाचताना एकच दोष मला सतत आढळतो. धुके, कंदील, विहीर आणि पडका वाडा यांची वर्णने पानोपानी असतात, पण त्या वाड्यातल्या भुताला नेमके काय हवे आहे, या प्रश्नाचे उत्तर लेखकाजवळ नसते. अशा दोषाची किंमत किती मोठी असते हे समजून घ्यायचे असेल, तर आशिक अबू यांचा 2023 सालचा ‘नीलवेळिच्चम’ हा मल्याळम चित्रपट लक्षपूर्वक पाहावा. गिरीश गंगाधरन यांचे छायालेखन इतके देखणे आहे की ओसाड घराच्या जिन्यावरून आणि विहिरीच्या कठड्यावरून नजर हटत नाही; तरीही उत्तरार्धात पुढे काय होणार याची उत्कंठा माझ्यापुरती पूर्णपणे संपली होती.

याचे कारण लेखनात आहे. वैकम मुहम्मद बशीर यांच्या मूळ कथेत एक लेखक ओसाड घरात राहायला येतो आणि तिथल्या विहिरीत जीव दिलेल्या भार्गवीकुट्टीशी, ती दिसत नसतानाही, आपुलकीने बोलू लागतो. एका रात्री लिहिता लिहिता दिव्यातले रॉकेल संपते. ते आणायला तो मित्रांच्या बिऱ्हाडी जातो, आणि परत येतो तेव्हा खोली निळ्या प्रकाशाने भरलेली असते. कथा तिथेच थांबते. त्या प्रकाशाने आपण हलतो, कारण त्याआधी एका एकट्या माणसाचा तिच्यावर जडलेला जीव आपण पाहिलेला असतो.

याच कथेवरून बशीर यांनी ए. विन्सेंट यांच्या ‘भार्गवीनिलयम’साठी पटकथा लिहिली, आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी तिच्यात प्रेम, मत्सर, खून आणि खलनायकाचा शेवट यांची भर घातली. ते 1964 साल होते. नव्या चित्रपटाने हाच आराखडा बव्हंशी तसाच ठेवला. मधल्या सहा दशकांत अन्यायाने मेलेली तरुणी, पूर्वकथा आणि सूड ही साखळी प्रेक्षकांनी असंख्य वेळा पाहिली आहे. त्यामुळे खलनायक नाणुकुट्टन समोर येताच खुनी कोण हे त्यांना कळते आणि उरलेल्या भागात केवळ सुंदर चौकटी पाहणे उरते. जुन्या कलाकृतीविषयी आदर असणे योग्यच आहे, पण आजच्या प्रेक्षकाला काय आधीच ठाऊक आहे, याचा हिशेब नव्याने मांडायलाच हवा.

देखण्या चौकटी कथेची उणीव झाकतील, हा समज आपल्याकडेही तितकाच रुजलेला आहे. कोकणातल्या एका जुन्या वाड्यात चित्रित झालेल्या भयपटाच्या संकलनाच्या वेळी मला बोलावण्यात आले होते. निर्मात्यांनी पटकथा पूर्ण होण्याआधीच वाड्याचे भाडे भरले होते, कारण पावसाळ्यातला हिरवा उजेड हातचा जाऊ द्यायचा नव्हता. पडद्यावरचा पाऊस खरोखरच अप्रतिम होता, पण नायक तो वाडा सोडून का जात नाही, याचे कारण एकाही प्रसंगात नव्हते. ते कारण मी निवेदनातून घालावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी नकार दिला. जे प्रसंगात घडलेलेच नाही ते निवेदनाने घडत नाही, आणि घाईने चित्रीकरणाला उभे राहणाऱ्यांना हे संकलनाच्या टेबलावर उमगते, तेव्हा वाडाही रिकामा झालेला असतो आणि पैसाही संपलेला असतो.

माझी सवय साधी आहे. भुताचा पहिला प्रसंग लिहिताना मी प्रकाश, संगीत आणि कॅमेरा यांचा एकही उल्लेख करत नाही, आणि तो भर दुपारी, पंखा चालू असताना, कुणाला तरी वाचून दाखवतो. ऐकणाऱ्याने मध्येच ‘मग?’ असे विचारले नाही, तर प्रसंग पुन्हा लिहायचा.

दुसरी मोठी चूक म्हणजे अद्भुताला नियम न देणे. राहुल सदाशिवन यांच्या 2024 च्या ‘भ्रमयुगम’ या मल्याळम भयपटात रंगसुद्धा नाहीत आणि मुख्य पात्रे मोजकीच आहेत, पण फाशांच्या खेळात हरणाऱ्याने आपला काळ गमवायचा, ही अट एकदा कानावर पडली की प्रत्येक दानाला आपला श्वास अडकतो. तिथले कृष्णधवल छायालेखन त्या अटीची भीती गडद करते. नियम आधी ठरवावा, तो प्रेक्षकाला वेळेवर सांगावा आणि मग स्वतःच्या सोयीसाठी मोडू नये.

पूर्वकथेत सगळी उत्तरे एकदम देऊ नयेत. दचकवणारा आवाज भीतीच्या जागी वापरू नये. पात्रांना पुस्तकी भाषेत बोलायला लावू नये.

केरळच्या लोककथांतली यक्षी किंवा चात्तन ही भुते केवळ दिसायला आकर्षक म्हणून मराठी कथेत उचलून आणणे मला विशेष खटकते. कोकण-गोव्याकडचा देवचार गावाची वेस राखतो, त्याला ठरलेला मान द्यावा लागतो आणि मान चुकला तर देवचार रागावतो, अशी श्रद्धा आहे. म्हणजे इच्छा, नियम आणि परिणाम या तिन्ही गोष्टी लेखकाला तयार मिळतात. त्यासाठी गावातल्या जाणत्या माणसांजवळ बसून ऐकावे लागते, आणि नेमके तेवढेच करायला बहुतेक नवोदित तयार नसतात.