क्विन्सची काढणी, साठवण आणि हिवाळ्यातील निगा

ब्रिटन, अमेरिका किंवा युरोपात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांच्या परसात क्विन्सचे झाड आहे, त्यांच्यासाठी ऑक्टोबर हा वर्षातील सर्वांत महत्त्वाचा महिना असतो. हेच फळ काश्मीरमध्ये बमचूंठ या नावाने घरोघरी ओळखले जाते आणि तेथेही ते शरद ऋतूतच बाजारात येते. सफरचंद आणि नासपतीच्या कुळातील हे झाड परागीकरणासाठी दुसऱ्या झाडावर अवलंबून नसते व उशिरा फुलत असल्याने वसंतातील हिमतुषारातून बहुधा वाचते. त्यामुळे एकट्या झाडालाही भरपूर फळे धरतात, परंतु कच्ची खाता येत नाहीत म्हणून ती झाडाखाली सडू दिली जातात. हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे.

काढणीची घाई करू नये. फळाचा हिरवा रंग जाऊन ते सोनेरी पिवळे झाले, अंगावरील करडी लव बोटाने सहज निघू लागली आणि झाडाजवळ गेल्यावर सुवास जाणवू लागला की फळ तयार झाले असे समजावे. ब्रिटनसारख्या थंड हवामानात ही अवस्था ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत येते. मात्र कडाक्याचे हिम पडण्याचा अंदाज असेल, तर रंग अपुरा असला तरी फळे उतरवून घ्यावीत, कारण ती घरातही पिवळी होतात. फळ दगडासारखे कठीण लागत असले तरी त्याला मार फार लवकर बसतो आणि मार बसलेली जागा आतून तपकिरी होत जाते, म्हणून फांदी हलवून फळे पाडू नयेत. प्रत्येक फळ हाताने उचलून, किंचित पिळून देठापासून सोडवावे.

उतरवलेली फळे कोरड्या, थंड व हवेशीर जागी एकाच थरात, एकमेकांना न टेकतील अशी मांडावीत. निर्दोष फळे अशा रीतीने दोन ते तीन महिने टिकतात. त्यांचा वास इतका उग्र असतो की जवळ ठेवलेल्या सफरचंदांना व नासपतींना तो लागतो, त्यामुळे ही फळे वेगळ्या खोलीतच ठेवणे चांगले. आठवड्यातून एकदा सर्व फळे पाहून डागाळलेली लगेच वापरावीत.

कच्च्या क्विन्सचा तुरटपणा त्यातील टॅनिनमुळे असतो. मंद आचेवर दीर्घकाळ शिजवल्यावर हा तुरटपणा मावळतो आणि फिकट गर हळूहळू गुलाबी, कधी कधी गडद लालसर होतो. हा रंग आणण्यासाठी बाहेरून काही घालावे लागत नाही. फळात पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारे द्रव्य, विपुल असल्याने जेली व वड्या उत्तम होतात. वडीसाठी लव पुसून, धुऊन फोडी मऊ शिजवाव्यात, गर गाळून घ्यावा आणि गराच्या वजनाइतकी साखर घालून मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत सतत ढवळावे. शिजताना गर उडतो व भाजतो, म्हणून लांब दांड्याचा चमचा वापरावा. पोर्तुगालमध्ये या वडीला मार्मेलादा म्हणतात, आणि गोव्यात नाताळासाठी पेरूची जी पेराद करतात ती त्याच परंपरेतील असल्याने पेराद जमणाऱ्या घरात क्विन्सची वडी बिघडण्याचे कारण नाही. काश्मीरमध्ये हे फळ वांग्याबरोबर भाजीत, तर इराणमध्ये मांसाच्या रश्श्यात घालतात. आंबटगोड भाजीची सवय असलेल्या आपल्या जिभेला हा वापर वडीपेक्षाही अधिक रुचेल असे मला वाटते.

बिया टाकून देऊ नयेत. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा बिहीदाणा म्हणजे याच बिया होत. पाण्यात भिजवल्यावर त्यांना दाट बुळबुळीत लस सुटते व युनानी वैद्यकात ती खोकल्यावर आणि घशाच्या कोरडेपणावर देतात. बिया अख्ख्याच भिजवाव्यात. त्या चावू किंवा कुटू नयेत, कारण फुटलेल्या बीमधून सायनाइडयुक्त विषारी द्रव्य तयार होते.

फळे उतरल्यावर झाडाखालील सर्व पाने गोळा करून नष्ट करावीत. पावसाळी उन्हाळ्यात क्विन्सवर पानांचा करपा हमखास येतो आणि त्याची बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते. फांदीवर सुकून राहिलेली फळेही याच वेळी काढावीत. छाटणी पानगळीनंतर, झाड सुप्तावस्थेत असताना करावी. फळ नव्या फुटीच्या टोकाला धरत असल्याने सर्व शेंडे सरसकट कापल्यास पुढील हंगाम हातचा जातो, म्हणून केवळ दाटी करणाऱ्या जुन्या फांद्या व बुंध्याजवळचे फुटवे काढावेत. नत्रयुक्त खत जपून द्यावे. जोमदार कोवळ्या फुटीवर अग्निकरपा हा जीवाणूजन्य रोग लवकर पसरतो आणि क्विन्स त्याला विशेष बळी पडते.

या झाडाचा बागायतदारांना होणारा दुसरा मोठा उपयोग खुंट म्हणून, म्हणजे ज्याच्या मुळांवर दुसऱ्या झाडाचे कलम बांधतात ते रोप म्हणून, आहे. युरोपात नासपतीची कलमे मोठ्या प्रमाणावर क्विन्स ए आणि क्विन्स सी या खुंटांवर बांधतात, त्यामुळे झाड ठेंगणे राहते व लवकर फळाला येते; लोकाट हे फळझाडही या खुंटावर वाढते. नासपतीची प्रत्येक जात मात्र क्विन्सशी जुळत नाही. विल्यम्स, म्हणजेच बार्टलेट, ही जात थेट बांधल्यास सांधा कमकुवत राहून पुढे मोडू शकतो, म्हणून मध्ये ब्यूरे हार्डीसारख्या जुळणाऱ्या जातीचा तुकडा घ्यावा लागतो. चुनखडीच्या जमिनीत या खुंटावरील पाने लोहाअभावी पिवळी पडतात आणि मुळे उथळ असल्याने झाडाला भक्कम आधारही द्यावा लागतो. हिवाळ्यात नासपतीची रोपे विकत घेताना जातीबरोबर खुंट कोणता आहे आणि मध्ये दुसरी जात बांधली आहे का, हे रोपवाटिकेत विचारूनच खरेदी करावी.